शंभर टक्के मोकळी

उदगीर तहसिलीसमोरच्या माझ्या टपरीत
पाचशेची म्हणून घेतलेली डिस्क
मोजून भरली चारशे पासष्ट.
तहसीन म्हणाली, "काका, घट येतेच."
मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेला माणूस,
तुटीचा राग येत नाही आता.
आकडा वहीत टिपला.

विंडोज ठेवणं भाग होतं.
अंगठा घ्यायचं यंत्र दुसऱ्या कुणाला ओळख देत नाही,
आणि अंगठ्यावाचून इथं
ना रेशन, ना निराधारचे पैसे.
सहानंतर मात्र लॅपटॉप तिचा,
लिनक्स टाकून, पॉलिटेक्निकच्या अभ्यासाला.
बदल्यात माझे स्कॅन ती लावून देणार.
तोंडी करार. स्टॅम्प नाही.

आधी विंडोजला पुरतं झोपवायचं.
नुसतं बंद केलं की ते एक डोळा उघडा ठेवतं,
उंबऱ्यात पाय अडकवून बसतं.
तिनं सेटिंगमधली ती खूण काढली,
मग विंडोजच्या हातानंच त्याची हद्द आत घेतली.
दुसऱ्यानं सरकवली की वाद होतात,
हे मला कुणी शिकवायला नको.

पहिल्याच कडेला एक चिमुकली पट्टी, शंभर एमबीची.
म्हटलं, ही एवढीशी काढून टाकू.
"हात नक्को लगाओ उसकू!"
घाबरली की तिची भाषा घरी जाते.
दोघांचंही दार तिथूनच उघडतं म्हणे.

लिनक्सला साठ. त्यावर एक्स्ट-फोर.
"तेच का?"
"कीर्द ठेवतंय, काका.
काय करलालंय ते करायच्या आधी लिहितंय.
मधीच लाईट गेली तर
आल्यावर कीर्द वाचून सावरतंय."
आणि लाईट गेली.
पंखा थांबला, समोरचं झेरॉक्स थांबलं,
पडद्याच्या उजेडात आम्ही दोघं
बॅटरीचा आकडा उतरताना बघत राहिलो.

राहिलेली जागा सामाईक.
तिनं एक्स-फॅट निवडलं, मग खोडलं.
ते कीर्द ठेवत नाही,
आणि उदगिरात लाईट सांगून जात नाही.
म्हणून एनटीएफएस. म्हणजे विंडोजचीच लिपी.
"लिनक्सला वाचता येईल?"
"शिकलंय ते. लिहितंय पण."
"आणि विंडोजला लिनक्सचं?"
तिनं नुसती मान हलवली.
मला तिचे नाना आठवले, गफूर मास्तर.
निजामाच्या अमदानीतला शिकस्ता कागद
डोळ्यांपाशी धरून वाचायचे,
आणि मराठीत मला सांगायचे, मी लिहून घ्यायचो.
एकदा एका साहेबानं असला कागद उलटासुलटा केला,
म्हणाला, ह्यात काहीच नाही.
त्यात विहिरीचा अर्धा हिस्सा होता.
मास्तर चष्मा पुसत राहिले.

सकाळी विंडोज उघडलं. अंगठ्याचं यंत्र चाललं.
सवयीनं डिस्कची वाटणी बघायला गेलो:
मधला एक निळा तुकडा,
नाव नाही, लिपीचा रकाना कोरा,
पुढं लिहिलेलं, शंभर टक्के मोकळी.
रात्री अकरापर्यंत त्याच मोकळ्या जागेत
ती पोरगी काहीतरी लिहीत बसली होती.
उंदराचं उजवं बटण दाबलं तर
पुसायची सोय समोरच.

बोट उचलून घेतलं.
संध्याकाळी तिला म्हटलं, एक चिठ्ठी लाव बाई इथं,
मी म्हातारा, विसरेन.
तिनं उर्दूत दोन शब्द लिहिले,
कीबोर्डच्या वर चिकटवले.
मला वाचता येत नाहीत.
चिठ्ठी कोरी नाही, एवढं दिसतं.